चपलांचा फोटो

बालवाडीच्या प्रवेशाच्या रांगेत माझ्यापुढं एक आजी होत्या, त्यांच्यापुढं त्यांच्या गल्लीतले आजोबा.

"रत्नव्वा, कोल्हापुरात राहून तुझ्या चपलेला तीन जागी टाके?"

"असूद्यात की, बापू. नवा जोड घरात पडून हाय."

"मग घाल की."

"आमची थोरली नात, रक्षिता, हितंच असती. पयले दोन म्हैने नुसती रडायची. मग कॉलेजच्या एक बाई आल्या. पोरांच्या हातात मोबाईल देऊन म्हणल्या, हितं काय आवडतंय त्याचा फोटू काढा."

"घसरगुंडीचा काढला असंल."

"दाराभायेर काढलेल्या माझ्या चपलांचा."

"चपलांचा?"

"मी बी हसलो. बाई हसल्या न्हाईत. का गं, म्हणून तिलाच इचारलं. म्हणली, चपला दिसल्या की आजी न्यायला आली कळतंय."

"मग?"

"चपलांची फळी खिडकीसमोर आणली. तवापासनं रडणं न्हाई. फकस्त ह्या बदलू देत न्हाई."

"मग टाक्यावर टाका घाल."

"घालतोय की."

माझी रेवा माझी ओढणी धरून उभी होती. मी खाली वाकले.

"रेवा, तुला न्यायला येताना मी कुठल्या चपला घालू?"

तिनं माझ्या पायांकडं बघितलं.

"त्या कर्रकर्र वाजतात ना, त्या."