बीपच्या बटणावरचा माणूस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वाहिनीचे मालक आदरणीय हंबीरराव, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर, सत्कारमूर्ती आकाराम, पहिल्या रांगेत अवघडून बसलेल्या कुरुंदवाडच्या चिमणाबाई आणि जमलेले सगळे कोल्हापूरकर, लीलाचा नमस्कार. रोज सातला मी तुमच्या घरात बातम्या वाचते, तेव्हा समोर कुणी दिसत नाही. आज दिसताय, म्हणून जरा जास्त बोलेन.

सत्कारमूर्तींना व्यासपीठावर शोधू नका. ते तिकडं कोपऱ्यात, माइकच्या आणि बीपच्या यंत्रापाशी आहेत. स्वतःच्या निरोपालाही त्यांनाच राबावं लागतंय, कारण त्यांच्या जागी दुसरा माणूस आम्ही अजून नेमलेला नाही. एकवीस वर्षं त्यांनी बातम्यांतल्या शिव्यांवर बीप टाकली. वगळायच्या शब्दांची यादी त्यांच्या टेबलावर चिकटवलेली आहे. ती यादी मी लिहिली. सुसंस्कृतपणाची फार हौस होती मला!

तर त्या यादीत ‘मुडद्या’ होता. आता मला सांगा, ‘मुडद्या, जेवायला ये की’ अशी हाक कोल्हापुरात कुणी ऐकली नाही? पण आम्हाला बाहेरच्यांपुढं सभ्य दिसायचं होतं. आमच्याच मालिकेत नवरा बायकोच्या कानफटात मारतो, वर तिला कुलटा म्हणतो आणि मागं सतार वाजते. तिथं बीप नाही. ती म्हणे कौटुंबिक मालिका.

गेल्या पुरात कुरुंदवाडला सरकारी पाहणीची मंडळी चौथ्या दिवशी उगवली. चिमणाबाईंची एक म्हैस वाहून गेली होती. गुडघाभर चिखलात उभं राहून त्या मंडळींना त्या एकच वाक्य बोलल्या. आम्ही त्यातल्या पहिल्याच शब्दावर बीप टाकली, वर त्यांचं तोंडही धूसर केलं. झालं! ऐकणाऱ्या प्रत्येकानं आपल्या मनातली सगळ्यात घाण शिवी तिथं बसवली. त्यांची नात राजनंदिनी पेठ वडगावला दिलेली. तिच्या सासरहून फोन आला, आजी असं काय बोलली? चिमणाबाई आठ दिवस डेअरीत दूध घालायला गेल्या नाहीत. नवव्या दिवशी आमच्या ऑफिसात येऊन आकारामना म्हणाल्या, “म्या बोलले ते ऱ्हाऊ द्या. माज्या तोंडात तुमी काय घातलासा?”

आकारामनी त्यांना टेबलावरची यादी दाखवली.

पुढच्याच आठवड्यात एका पुढाऱ्यानं भर सभेत विरोधकाची आई-बहीण काढली. ते शब्द यादीत अगदी वरचे. आकारामनी इमानानं बीप टाकली. मग काय, फोनवर फोन! साहेबांचा रांगडा बाणा आहे तो, अस्सल मातीतली भाषा आहे! म्हणजे बाई बोलली की शिवी आणि साहेब बोलले की माती. नऊच्या बातम्यांत तीच शिवी ठणठणीत वाजली, आणि दुसऱ्या दिवशी तर आम्ही ती जाहिरातीसारखी दर अर्ध्या तासाला वाजवली.

आकारामना मात्र साहेबांच्या नावे माफीनामा लिहायला सांगण्यात आलं. ते म्हणाले, “लिवतो की. पर पयला चिमणाबाईस्नी लिवणार.” त्या एका वाक्यापायी त्यांना आज निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच शाल-श्रीफळ मिळतंय. हंबीरराव, शाल मात्र झकास निवडलीत हं.

आता शेवटचं. चिमणाबाईंचं ते वाक्य मी सबंध म्हणणार आहे, आणि व्यासपीठाकडं तोंड करून म्हणणार आहे. आकाराम, बटण तुमच्या हाताशी आहे. वाजवावंसं वाटलं तर वाजवा.

“मुडद्यांनो, चार दिस कुठं हुतासा?”

ऐकलंत? एवढंच होतं ते. आणि बघा, आकारामनी बोटसुद्धा हलवलं नाही.

इतका वेळ ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. चिमणाबाई, तुम्ही मात्र घालू नका. ती यादी माझ्या अक्षरातली होती. मी चुकले.