पिठाच्या डब्यामागचे पंप

(सुरत, गोडादरा. दुपार. यंत्रमाग चालवणारा हिलाल आणि दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करणारी त्याची मुलगी योगिता.)

योगिता : …आणि हे दम्याचे चार पंप पिठाच्या डब्यामागे काय करतायत, आप्पा? एकाचंही सील तुटलेलं नाही.

हिलाल : ठेवेल होते. लागतील तवा.

योगिता : डॉक्टरांना तर सांगितलंत, रोज दोन वेळा घेतो!

हिलाल : एवढा मोठा डॉक्टर विचारतोय, त्याले नाही म्हणू का?

योगिता : त्यांनी ते खरं धरलं ना! रक्तातलं पेरिओस्टिन कमी झालं नाही, म्हणजे औषध लागू पडत नाही. सोमवारपासून इंजेक्शन म्हणतायत. मी तीनदा तपासलं. वाटलं, आमचं मशीनच बिघडलं.

हिलाल : काय कमी झालं नाही?

योगिता : पेरिओस्टिन. एक प्रोटीन. पेशींच्या बाहेर जाळं असतं, त्यातलं. ॲलर्जीची सूज आली की ते जास्त बनतं, श्वासनळीच्या भिंतीत साचतं. भिंत जाड होते, कडक होते.

हिलाल : मागावरच्या बीमच्या सुताले खळ जास्त बसल्यावानी. सूत वाकतच नाही मग.

योगिता : तसंच. रोजच्या पंपानं सूज उतरते, तेही कमी होतं. पण भिंत फार कडक झाली की पुन्हा मऊ होईलच असं नाही.

हिलाल : दम लागला की तो निळा पंप मारतो ना मी.

योगिता : त्यानं घटकाभर नळी उघडते. सूज तिथंच. आप्पा, खरं सांगा, का नाही घेतला?

हिलाल : सवय लागते त्याची.

योगिता : कोण म्हणतं असं?

हिलाल : मीच म्हणतो. सगळ्या कारखान्यात मीच सांगतो.

योगिता : …चिंधाकाकांनाही?

हिलाल : तो रोज घ्यायचा. माझ्या बाजूच्याच मशीनवर होता. मी म्हटलं, सोड रे ते, ड्यूटी सुटली की गूळ खा, गुळानं छातीत गेलेला सुताचा रुवा उतरतो. त्यानं सोडला. महिन्यानं दवाखान्यात नेला, तो घरी आलाच नाही. सगळे म्हणाले, पंपानं खाल्ला त्याले. मीबी म्हटलं.

योगिता : आप्पा…

हिलाल : आता मी रोज तोंडाले लावला, तर मग त्याले कोणी मारलं?

योगिता : तुम्ही मारलं नाही. पण सांगितलंत ते चूक होतं. माझ्यानं खोटं बोलवत नाही.

हिलाल : त्याचा भाऊ मगन आता त्याच मशीनवर आहे. त्यालेबी दम लागतो. परवा विचारत होता, दादा, पंप घेऊ का.

योगिता : काय सांगितलंत?

हिलाल : गूळ दिला.

योगिता : कधी सुटतो तो?

हिलाल : सातले.

योगिता : मी जाते गेटवर. सांगते त्याला.

हिलाल : तुझं नाही ऐकणार. तो माझंच ऐकतो, बाई. ये इकडं, कसा ओढायचा ते दाखव माले. त्याच्यासमोर चुकलो, तर तो घेणार नाही.