लिफ्टमधले वीस सेकंद

(चित्रपट संकलनाची छोटी खोली. पडद्यावर उघडी लिफ्ट, चित्र थांबवलेलं.)

आई : काढून टाका ना हे दादा. हात जोडते.

संकलक : ताई, अख्ख्या सिनेमात तुमचे वीस सेकंद. तेच काढू? दिग्दर्शक तर या वीस सेकंदांवरच खूश आहेत. म्हणतात, काळा माणूस लिफ्टमध्ये शिरला की आई पोरीला कशी ओढून घेते, हे शिकवून येत नाही.

आई : पण मी अभिनय करतच नव्हते! मला वाटलं तालीम चाललीये. कॅमेरा चालू आहे हे कोणी सांगितलंच नाही.

संकलक : म्हणून तर अस्सल उतरलंय.

आई : डोंबलाचं अस्सल! माणसाला रंगावरून जोखू नये, असा सिनेमा आहे म्हणून तर मी हो म्हटलं. पोरीलाही घेऊन आले. कॉलेजात याच विषयावर भाषणं ठोकलीत मी. आता तिच्या बालवाडीतल्या सगळ्या आया बघणार, मी कशी...

नट : मी बाहेर थांबू का?

आई : अगंबाई! तुम्ही? कधी आलात?

नट : मघाचाच बसलोय मागे. माझे दोन संवाद पुन्हा बोलून घ्यायचेत.

आई : शपथ सांगते, तुमच्या रंगामुळे नाही हो! तुम्ही एकदम आत आलात, एवढे उंच. दचकले मी.

नट : माझ्याआधी तो दाढीवाला लाइटवाला शिरला होता. माझ्याहून वीतभर उंच. त्याला तुम्ही पोरीच्या हातून बिस्किट देवविलंत. ‘काकांना दे’ म्हणालात.

संकलक : आहे ते. दाखवू?

आई : नको... लागलं असेल ना तुम्हाला?

नट : ‘सवय आहे’ म्हटलं तर तुम्हाला हलकं वाटेल. म्हणून नाही म्हणत.

आई : दादा, नंतर पुन्हा एकदा घेतलं होतं ना आपण? त्यात मी यांच्याकडे बघून हसले, जागा करून दिली. ते लावा याच्या जागी.

संकलक : ते राहू द्या, ताई.

आई : का? माझं चुकलंय त्यात?

संकलक : छे! तुम्ही छान हसलायत.

आई : मग लावा की!

संकलक : बरं. हे घ्या.

आई : बघा, हसतेय. दोन्ही हात मोकळे. ओढलं का मी तिला? नाही ना? आता यांच्याशी... थांबा. जरा मागे घ्या. अजून मागे.

नट : बंद करा हो ते.

आई : मी तिला हातसुद्धा लावला नाही.

संकलक : नाही लावलात.

आई : मग ती माझ्यामागे का लपली? तिला कोणी सांगितलं?

नट : केवढी आहे हो?

आई : साडेतीन.