स्वरूपा, मुक्काम पोस्ट कागल

सुविधा : म्हणजे आप्पा, तुमच्या या कागदांप्रमाणे तुमची दहा वर्षांची नात रोज पहाटे कागलहून निघते, कोगनोळीचा सीमानाका ओलांडते, आणि घंटा व्हायच्या आत इथं बेळगावात, तुमच्या वडगावातल्या मराठी शाळेत हजर असते.

तम्मण्णा : तसं कसं हुईल? कागल काय हितं बाजूला हाय?

सुविधा : तेच म्हणतेय मी. आधार कार्ड कागलचं, शाळेत लिहून दिलेला पत्ता कागलचा. मग स्वरूपा खरी राहते कुठं?

बायाक्का : आमच्यात. आमची लेक वारली तवा ही दीड वर्साची हुती. तवापास्नं माझ्या कुशीत झोपती. मागाचा खडखडाट थांबला की दचकून उठती, एवढी सवय तिला आमच्या घराची.

सुविधा : मग कागलचा पत्ता दिला कुणी?

बायाक्का : ह्यास्नी इचारा.

तम्मण्णा : मीच दिला. तिच्या बापाचं घर हाय तिथं. म्हटलं, महाराष्ट्रात जायाची वाट बघत आमची हयात गेली. घरातलं एक तरी माणूस कागदावर पोचू दे.

सुविधा : पोचलं. आता कागदामागनं माणूसही पाठवा, असं तुमचा जावई म्हणतोय.

बायाक्का : साईनाथ न्हवं का! इतक्या वर्सांत दिवाळीचा फराळ न्यायापुरता आला. दुसरी केली, तिला पोरगं झालं, आन् आता ह्याला लेक आठवली. पाळणा हलवाय माणूस पायजे की. म्हणतो, मी बाप हाय, परीक्षा झाली की नेणार. नेईल व्हय वो म्याडम?

सुविधा : बाप नैसर्गिक पालक, हे खरं. पण कोर्ट आधी मुलीचं भलं कशात आहे ते बघतं. आक्का, तुमच्या नावानं पालकत्वाचा अर्ज करू. बाईमाणसाला इथं सरकारतर्फे मोफत वकील मिळतो. म्हणून तर मी समोर बसलेय.

बायाक्का : आन् बाप तुटंल काय तिचा?

सुविधा : नाही. भेटेल, सुट्टीत नेईल, आणून सोडेल. ताबा तेवढा तुमच्याकडं मागायचा.

बायाक्का : ताबा? रान हाय काय ती?

सुविधा : कायद्याकडं शब्द कमी आहेत आक्का. सांभाळून घ्या.

तम्मण्णा : मग अडलंय कुठं?

सुविधा : मुलगी नेहमी जिथं राहते, तिथल्या कोर्टात अर्ज करायचा असतो. साईनाथचा वकील तुमचेच कागद दाखवणार. मुलगी कागलची, केस कोल्हापूरला चालवा म्हणणार.

तम्मण्णा : मग चालू द्या की कोल्हापूरला! आपल्या राज्यातलं कोर्ट, सगळा कारभार मराठीतनं.

बायाक्का : ऐका! पोरगी हातची जायाची वेळ आली, आन् ह्यास्नी कोल्हापूरचं कोर्ट बघायचंय.

सुविधा : कोल्हापूरला गेलो की मुलगी तिकडचीच, हे आपणच कबूल केलं.

तम्मण्णा : पण हितलं जज्जसाहेब तिला कन्नडातनं इचारतील. पोरीला काय कळणार?

बायाक्का : तिला? गल्लीत कन्नडातनं भांडती ती. परवा सुताचा व्यापारी आलता, त्याला कन्नडातनंच वाटंला लावला.

तम्मण्णा : मला कोण बोललं न्हाय.

बायाक्का : तुमच्याम्होरं बोलत न्हाय. तुमचं बीपी वाढतं म्हणून.

सुविधा : उलट बरंच झालं, ती इथंच वाढली याचा हा पुरावाच. शेजारी साक्ष देतील, शाळेच्या बाईही देतील. पण पत्ता तुम्ही दिलात आप्पा, तेव्हा शपथेवर खुलासाही तुमचाच हवा. मजकूर केलाय, ऐका. ‘माझी नात स्वरूपा ही तिची आई वारल्यापासून माझ्या घरी, वडगाव, बेळगावी, कर्नाटक राज्य येथे राहते. कागलचा पत्ता मी केवळ भावनेपोटी दिला होता.’

तम्मण्णा : ते कर्नाटक काढा.

सुविधा : काढून वडगाव कुठं ठेवू?

तम्मण्णा : नुसतं वडगाव लिव्हा. सगळ्यास्नी ठावं हाय. वकीलबाई, एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत काळी फीत लावून मी म्होरं असतो. टपालाच्या पत्त्यावरबी हे नाव कवा लिव्हलं न्हाय. आन् आता शपथेवर लिव्हू?

सुविधा : पत्रं पोचतात?

तम्मण्णा : उशिरा पोचत्यात.

सुविधा : माझे आजोबा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल होते. मोर्चा निघाला की तेही पुढं असायचे. तेव्हा मला शिकवू नका आप्पा. पण हा मोर्चा नाही. त्या पोरीनं उद्या कुठं झोपायचं, एवढंच ठरायचंय.

तम्मण्णा : बरं. मग ‘सध्या’ घाला. सध्या कर्नाटक. आमी भाषणातबी तसंच म्हणतो.

सुविधा : घालते. मग त्याचा वकील उठून म्हणेल, आजोबांच्या मते ते स्वतःच तिथं तात्पुरते आहेत. मग नात त्यांच्याकडं कायमची कशी?

बायाक्का : आवं, तिची चप्पल कुणाच्या दारात असती? दप्तर कुणाच्या खुंटीला असतंय? तेवढं सांगा त्या साहेबाला. राज्याचं मागनं बघू.

(तम्मण्णा टेबलावरचा कागद पुढं ओढून एका शब्दावर बोट ठेवतो.)

तम्मण्णा : काढा ते सध्या.

सुविधा : काढलं.

तम्मण्णा : त्या जागी ‘कायमची’ लिव्हा. कायमची राहती.

सुविधा : राज्यासकट?

तम्मण्णा : राज्यासकट. आता वाचून दाखवू नका. सही कुठं करायची?