सूनबाईंनी वाचवलेला ड्रॅगन

या मंडळी, जरा सरकून जवळ बसा. एका ड्रॅगनची गोष्ट सांगतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी एका आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालताना नर्सबाईंचे कान त्यांच्या नि त्यांच्या सूनबाईंच्या बोलण्याकडे लागले.

"सूनबाई, ऑपरेशन झालं की तू वाचून दाखवतेस ते ड्रॅगनचं पुस्तक माझं मी वाचणार. सिनेमात काय, अवकाशयानं नुसती धडाधड फुटतात. काळीज असावं तर आपल्या ड्रॅगनला!"

"मामंजी, पुस्तकाचा शेवटचा भाग तेवढा वाचू नका."

"का गं?"

"पुस्तकात तो मरतो हो. तुमचा लाडका, म्हणून मी वाचून दाखवताना जिवंत ठेवला."

"आणि राजकन्येच्या लग्नात त्याला पंखांनी पाहुण्यांना वारा घालायला लावलास, तेही पुस्तकात नसताना!"

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?"

"नजर अधू होण्याआधीच वाचलं होतं मी ते. ढसाढसा रडलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू त्याला मारला असतास! आता दिसायला लागलं तरी मी डोळे मिटून बसेन. वाचायचं तूच."

"नर्सबाई, पेशंटना आत आणा!" आतून हाक आली.

"आले, आले! अहो ताई, तो ड्रॅगन लग्नात जेवला की नाही?"

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा या सूनबाईंची आठवण ठेवा.