मी विशाखा मॅडमचा अशील

नमस्कार मंडळी.

समोर बसलेले सगळे वकीलसाहेब, निपाणीहून आलेले पाव्हणे, आणि पहिल्या रांगेत बसलेले मॅडमचे वडील, आप्पा. तुम्हा सगळ्यांना हात जोडतो.

मला भाषण येत नाही. मी वडगावचा. घरात दोन माग आहेत, साड्या विणतो. मागाच्या खडखडाटात बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळं बोलायची सवयच राहिली नाही. मगाशी इथं विचारलं, आणखी कुणाला बोलायचं आहे का? माझा हात वर गेला. शेजारी माझी बायको शांता बसली होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू दुसऱ्याच कुणाचा हात वर गेलाय. मलाही तसंच वाटलं.

पण आता उठलोय. बोलतो.

मंडळी, मॅडम गेल्या, हे मला अजून खरं वाटत नाही. परवा परवा त्यांचा फोन आलता. "मामा, ऑपरेशनची तारीख घेतली का?" मी म्हटलं, "बघतो की." तर केवढ्यांदा ओरडल्या! "बघतो काय? केस जिंकून दिली ती काय दुखणं अंगावर काढायला?" असं ओरडणारी बाई मरते का हो? पन्नाशीसुद्धा नव्हती. कोर्टात काळा कोट घालून व्हरांड्यात उभ्या होत्या, म्हणे. बोलता बोलता बाकड्यावर बसल्या. आणि उठल्याच नाहीत.

शेजाऱ्यानं येऊन सांगितलं तेव्हा मी मागावर होतो. मी म्हटलं, "दुसरी कुणी असंल." माग बंदसुद्धा केला नाही. तो परत म्हणाला, "अण्णा, तुमच्याच वकीलबाई." तरी माझे हात चालूच होते. शांतानं येऊन बटण बंद केलं.

दवाखान्यात गेलो. तिथं आप्पा होते. आप्पा, तुम्हाला आठवतंय का ठाऊक नाही. तुम्ही येईल त्याला एकच विचारत होता, "पोर जेवली होती का?" नर्सला विचारलं, शिपायाला विचारलं, मला विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. मी आजही त्याच प्रश्नापाशी उभा आहे, आप्पा.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस कोण? सांगतो. मी त्यांच्या एका केसमधला आरोपी. कसली केस? रस्त्यावर, एका बाईसमोर उघडं होऊन अश्लील कृत्य केल्याची केस.

बघा, सभा कशी गप झाली. मला हे गप होणं ओळखीचं आहे. मी चहाच्या दुकानात शिरलो की असंच व्हायचं.

काय झालं ते सांगतो. एका संध्याकाळी मी साड्यांचं गाठोडं सायकलला बांधून शहापूरला व्यापाऱ्याकडं निघालो होतो. मला लघवीचा त्रास होता. प्रोस्टेटची गाठ वाढली होती. डॉक्टरनं सांगितलं होतं, पण मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. शांतालाही नाही. एकदा कळ आली की दम निघत नाही, असं ते दुखणं. वाटेत एक सार्वजनिक संडास आहे. त्याला कुलूप. मी तसाच पुढं गेलो आणि एका बोळात टेम्पोच्या आड भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. या दुखण्यात लवकर होत नाही. उभंच राहावं लागतं. एवढ्यात मागनं बोळातला एक दुकानदार ओरडला, "ए!" मी दचकून वळलो. पायजम्याची नाडी हातातनं सुटली. समोर एक बाई उभी होती. कामावरून घरी चाललेली. ती किंचाळली.

त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. आधी मारलं. मग कुणीतरी मोबाईलवर काढलं. मी एका हातानं पायजमा धरलाय आणि दुसऱ्या हातानं तोंड झाकतोय, असा तो व्हिडिओ. मला पोलिसांत दिलं, आणि तो व्हिडिओ माझ्याआधी घरी पोचला.

आमची भजनी मंडळी चांगली आहेत. पण त्यांनीही निरोप धाडला, "केस संपेपर्यंत येऊ नका." व्यापाऱ्यानं साड्या घ्यायचं थांबवलं. लेक माहेराला येईना. पहिला वकील केला, तो म्हणाला, "गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. कशाला कोर्टात लाज घालवताय?" मला ते पटलं. मी तयार झालो होतो. शांता तेवढी अडली. म्हणाली, "कबूल काय करायचं? केलंय का तुमी?" मी म्हटलं, "न्हाय." "मग?"

तिनंच कुणाकडून तरी विशाखा मॅडमचं नाव काढलं.

मॅडमच्या ऑफिसात गेलो. मॅडम पहिल्यांदा शांताला म्हणाल्या, "आक्का, जरा बाहेर बसता?" मग मला म्हणाल्या, "मामा, बोला." मी म्हटलं, "मी काय केलं न्हाय." म्हणाल्या, "ते नंतर. त्या दिवशी तिथं थांबलात कशाला?" त्यांचा फोन वाजला, घेतला नाही. बाहेर कुणी आलं, त्याला थांबवलं. त्या नुसत्या बसून राहिल्या. आणि जे मी घरात बोललो नव्हतो, ते त्या अनोळखी बाईसमोर बोललो. बोलताना रडलो.

त्यांनी दवाखान्याचे कागद मागितले. म्हणाल्या, "डॉक्टरांना साक्षीला बोलवूया. ते सगळं सांगतील. कोर्टात सगळ्यांसमोर. चालेल?"

मी म्हटलं, "न्हाय चालणार. त्यापेक्षा शिक्षा होऊ दे."

वकीलसाहेब, तुम्ही असं किती आरोपी बघितले असतील मला ठाऊक नाही. मी खरंच उठून चालू लागलो होतो. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बसा. माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. बायकांना आडोसा नव्हता. म्हणून आई दिवसभर पाणी प्यायची न्हाय. तंबाखूच्या धुळीत, उन्हाळ्यात, पाणी न्हाय. त्यातच किडनी गेली तिची. मरेपर्यंत तिनं कुणाला सांगितलं न्हाय, का प्यायची न्हाय ते. लाज वाटायची." आणि मग म्हणाल्या, "मामा, दुखण्याची लाज वाटती म्हणून न केलेल्या पापाची लाज जन्मभर वागवणार काय?"

आप्पा, तुमच्या घरातली गोष्ट मी चारचौघांत सांगितली. राग मानू नका. त्या एका गोष्टीनं मला त्या खुर्चीवर परत बसवलं.

त्या दिवशी घरी येऊन शांताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच? मला वाटलं, तुमचं दुसरीकडं मन गेलंय, म्हणून लपवताय." आणि हसली. त्या व्हिडिओनंतर आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं.

पहिल्या तारखेला एक मजा झाली. आज सांगावी की नको, कळत नाही. कोर्टात मॅडम कारकुनाला माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "हे माझे अशील." मला ऐकू आलं, 'हे अश्लील.' माझं काळीज फाटलं. म्हटलं, माझी वकीलसुद्धा तेच म्हणायला लागली! मॅडमनी माझं तोंड बघितलं, त्यांच्या ध्यानात आलं. कोर्टाच्या दारात हसू आवरेना त्यांना. म्हणाल्या, "मामा, अशील म्हणजे ज्याच्यासाठी मी भांडते तो."

आता त्या भांडल्या कशा, ते सांगतो.

माझा मेहुणा त्यांच्याकडं गेलता. त्याचं म्हणणं, त्या बाईची चार माणसांत अब्रू काढायची. कुठं कामाला जाते, किती वाजता परत येते, कुणाशी बोलते. मलाही वाटत होतं, तिला खोटी पाडा. मॅडम म्हणाल्या, "असलं काय करायचं असेल तर दुसरा वकील बघा. ती बाई खोटं बोलत न्हाय." मी म्हटलं, "मग मी खोटा?" "तुमीबी खोटं न्हाय. तिला जे दिसलं ते दिसलं. ती भ्याली ते भ्याली. फक्त तुमच्या मनात ते नव्हतं. मला तेवढंच दाखवायचंय."

मला ते समजलं नाही तेव्हा. समजलं ते तिच्या साक्षीच्या दिवशी.

ती बाई पिंजऱ्यात उभी राहिली. आमच्याकडं कोर्ट कन्नडमध्ये चालतं, म्हणून मॅडमनी तिला मराठीत विचारलं आणि न्यायाधीशांना कन्नडमध्ये सांगत गेल्या. पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही भ्याला होता?"

ती म्हणाली, "व्हय. लई."

"भ्यायचंच. मीही भ्याले असते."

न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं. ती बाईही बघायला लागली. तिला वाटलं होतं, ही वकील आता मला फाडून खाणार.

"हा माणूस तुम्हाला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचं तोंड कुठं होतं?"

"भिंतीकडं."

"मग वळला कधी?"

"दुकानदार ओरडला तेव्हा."

"वळल्यावर तो काही बोलला? तुमच्याकडं आला?"

"न्हाय."

"त्याचे हात काय करत होते?"

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. म्हणाली, "पायजमा धरायला बघत होते."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच न्हाय."

मॅडम म्हणाल्या, "थँक्यू ताई." आणि बसल्या. संपलं. आवाज चढवला नाही, टेबलावर हात आपटला नाही.

पुढं डॉक्टर आले, दुखणं सांगून गेले. मी मान खाली घालून ऐकलं. कुणी हसलं नाही. आणि मी निर्दोष सुटलो. निकालाचं कन्नड मला नीट कळलं नाही, शांताला आधी कळलं. तिनं माझा दंड धरला तेव्हा मला समजलं.

बाहेर आल्यावर मी मॅडमना शोधायला लागलो. पाया पडायचं होतं. त्या आमच्यात नव्हत्याच. त्या बाईपाशी उभ्या होत्या, तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलत होत्या. खरं सांगतो, मला धक्का बसला. म्हटलं, जिंकलो आपण आणि ह्या तिकडं? नंतर विचारलं तर म्हणाल्या, "तुमचा निकाल लागला, मामा. तिनं त्या बोळातनं घरी कसं जायचं, त्याचा कुठं लागलाय?"

मग त्या बंद संडासाचं कुलूप काढा, असा अर्ज घेऊन त्या महापालिकेत गेल्या. एकदा नाही, परत परत. पुरुषांच्या बाजूचं कुलूप निघालं. बायकांच्या बाजूचं अजून लागलेलंच आहे. वकीलसाहेब, त्या अर्जावर त्यांचीच सही आहे आणि त्या आता नाहीत. तो अर्ज कुणीतरी पुढं न्या. मी तुमच्याबरोबर येईन. कुठल्या ऑफिसात, कुणापुढं उभं राहायचं ते सांगा. आता मला उभं राहता येतं.

मंडळी, एवढं सगळं बोललो, तरी आतनं एकच आवाज येतोय. असं कसं झालं? दुसऱ्याचं दुखणं जिला न सांगता कळायचं, तिच्या स्वतःच्या छातीत कळ आली तेव्हा तिनं कुणाला सांगितलं? सांगितलं का? का तिलाही लाज वाटली, कोर्टाचा वेळ जाईल म्हणून? का तारीख चालू होती म्हणून? मला हे कळत नाही. मला कुणीतरी हे समजावून सांगा.

नाही. कुणी सांगू नका. आज नको.

आप्पा, तुम्हाला समजवायला माझ्याकडं शब्द नाही. एवढंच सांगतो, तुमच्या लेकीनं ह्या म्हाताऱ्याला भर बाजारातनं मान वर करून चालायला लावलं. ऑपरेशनची तारीख मी काल घेतली. त्यांना कळवायला फोन हातात घेतला, आणि मग आठवलं.

आता सगळ्यांनी उभं राहावं, अशी विनंती करतो. मोबाईल बंद करा. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका. ज्याला त्यांचा जो शब्द आठवेल, तो त्यानं मनात ऐकावा.

मॅडम, माझ्या घरात, माझ्या गल्लीत तुमच्या घरचा नमस्काराचा शब्द कुणी उच्चारत नाही. मीही आजवर उच्चारला नव्हता. तुम्ही मला नमस्कार म्हणायचात, आणि मी नमस्कार म्हणायचो. तुमचा शब्द काय होता ते मला माहीत होतं. आज तो तुम्हाला म्हणतो.

जय भीम, मॅडम.