बियाला ठेवलेला झेंडू

मंडळी, ऐका! पेटीवाले, सूर धरून ठेवा. आणि त्या खांबाला टेकलेल्या काकांना हळूच हलवा — आख्यान सुरू होतंय! आज एकच प्रश्न विचारतो. घरात जे सगळ्यात चांगलं पिकतं, ते कुणाचं? ...बघा, लगेच ओरडलात, ‘देवाचं!’ वा! उत्तर पाठ आहे. आता गोष्ट ऐका आणि मग सांगा.

एका गावात अनसूयाबाई राहायच्या. अंगणात त्यांचा झेंडू. साधासुधा नव्हे! लग्न होऊन निघताना आईनं पदराच्या गाठीत बी बांधून दिलेलं. शेंदरी, मुठीएवढं फूल! दसऱ्याला गावदेवीच्या गळ्यात हार कुणाचा? अनसूयाबाईंचा! आणि बाई अशा कडक — मोठं फूल दिसलं की ते देवीचं. सुनेनं केसांत माळायचं नुसतं म्हटलं, तरी डोळे वटारायच्या! मग मोसम सरला की झाडावर जी बारकी, किडकी फुलं उरायची, ती वाळवायच्या आणि त्यांचंच बी डब्यात भरायच्या.

हसताय काय? तुमच्याकडे वेगळं चालतं?

वर्षं गेली. मुठीएवढं फूल लिंबाएवढं झालं. लिंबाएवढं होतं ते बोराएवढं! बाई माती बदलतात, शेणखत घालतात, शेजारणीची नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळतात. शेजारीण बिचारी! तिला झेंडूचा वाससुद्धा सोसत नव्हता!

एका वर्षी नवरात्राच्या तोंडावर बाळकू गुरव दारात आला. देवीची पूजा त्याच्याकडे. म्हणाला, “काकू, राग मानू नका. पण तुमचा हार देवीच्या गळ्यात दिसतच नाही हो! यंदा दसऱ्याचा हार बाजारातनं आणतो.”

अहो, आईनं दिलेलं बी, आणि ते देवीच्या दारातनं परत? बाईंना घास गोड लागेना.

आणि काय नवल! दसरा जवळ आला, आणि कोपऱ्यातल्या एका झाडावर एक फूल उमललं. एकच — पण जुन्यासारखं! शेंदरी, टपोरं, मुठीत मावेना! बाई नाचायच्याच तेवढ्या राहिल्या. परडी घेऊन निघाल्या. “आता बघतेच त्या बाळक्याला! हाराच्या मधोमध लावते की नाही बघ!”

सून नंदा आडवी आली. “आत्या, एवढं एक बियाला राहू द्या.”

“देवीच्या आधी बी? जीभ झडेल तुझी!”

“झडू दे. पण आजवर आपण बी धरलं ते टाकाऊ फुलांचं. मग फुलं तशीच येणार की! हेही तोडलं तर संपलंच.”

“मी माझ्या देवीला काही कमी पडू देणार नाही!”

नंदा हळूच म्हणाली, “आत्या, हे फूल देवीला दाखवायचंय — की बाळकूला?”

पेटी थांबवा हो! बाईंचा हात देठावर. सुनेपुढं सासू गप्प! मंडळी, या आख्यानातला चमत्कार हाच. दुसरा मागू नका!

बाईंनी हात मागे घेतला.

दसऱ्याला देवीच्या गळ्यात बाजारचा हार. बाई रिकाम्या हातानं मागं बसलेल्या. बायका कुजबुजल्या, “दारात एवढं फूल, पण देवीला द्यायला हात होईना!” बाईंना ऐकू गेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. देवीला म्हणाल्या, “आई, अशी तुझ्यापुढं कधी आले नव्हते गं. एवढ्या वेळी सांभाळून घे.”

फूल झाडावरच सुकलं, तपकिरी झालं. बाईंनी आपल्या हातानं ते सोडवलं, बी वेगळं काढलं, पुढच्या पावसाळ्यात पेरलं. सगळीच फुलं मोठी आली का? नाही हो! काही लिंबाएवढी, काही मुठीएवढी. पण परडी भरली! बाळकू स्वतः न्यायला आला. त्याची नजर गेली सगळ्यात टपोऱ्या फुलावर. त्याच्या देठाला लाल दोरा.

“काकू, हे राहिलं की तोडायचं!”

“हात लावू नकोस! तेसुद्धा देवीचंच आहे — पुढच्या वर्षीच्या देवीचं!”

आता मंडळी, इकडं माझ्याकडं बघा. तुमचं गोड बोलणं कुणासाठी? पाहुण्यांसाठी! साहेबासाठी! इथं देवळात तर काय नम्रता, काय हसू — मलाच लाजल्यासारखं होतं! मग घरी जाता. पोरगी शाळेत काढलेलं चित्र दाखवायला धावत येते. आणि तुम्ही? “जा गं, डोकं खाऊ नकोस!” दिवसभरातलं चांगलं सगळं बाहेर वाटून झालं. घरी पोचलं काय? उरलंसुरलं! आणि पोरं कशातून उगवतात हो? तुम्ही घरी जे ठेवता, त्यातूनच! वर पुन्हा तक्रार — “पोरं आमच्यावर गेली नाहीत!” अहो, तुमच्यावरच गेलीत. तुमच्या उरल्यासुरल्यावर!

आता सांगा, घरात जे सगळ्यात चांगलं पिकतं, ते कुणाचं?

आज आरती आटोपती घेतो. देवीचं नाव घ्या एकदा मोठ्यानं, आणि उठा — घरी पोरं जागी आहेत तोवर जा!